रिपोर्टवरचे एलडीएल मोजलेले की काढलेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोलेस्टेरॉलवरच्या बहुतेक लेखांत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) किती असावे ते सांगितलेले असते. तो आकडा रिपोर्टवर येतो कुठून, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. लिपिड प्रोफाइलसाठी बहुतेक लॅबमध्ये तीनच गोष्टी प्रत्यक्ष मोजल्या जातात: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी. एलडीएल या तिन्हींवरून गणिताने काढतात. बऱ्याच जणांच्या बाबतीत हे गणित पुरेसे बरोबर येते. ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले आहे, त्यांच्या बाबतीत ते चुकते आणि बहुधा कमी दाखवण्याकडे चुकते. मधुमेह, लठ्ठपणा, मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण यातच जास्त असतात, म्हणजे ज्यांना हृदयविकाराचा धोका मुळातच अधिक, त्यांनाच रिपोर्ट ‘एलडीएल आटोक्यात आहे’ असे सांगत असतो. हे टाळता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी जादा रक्तही घ्यावे लागत नाही. म्हणून हे पत्र. (पुढचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.)

चरबी रक्तात विरघळत नाही. ती प्रथिनांचे वेष्टन असलेल्या सूक्ष्म कणांतून फिरते, आणि प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड दोन्ही कमीअधिक असतात. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात कोलेस्टेरॉल मुख्यतः एलडीएल, एचडीएल आणि व्हीएलडीएल (यकृतातून निघणारे, ट्रायग्लिसराइड वाहणारे) या कणांत वाटलेले असते. एकूणातून एचडीएल आणि व्हीएलडीएल वजा केले की एलडीएल उरते. व्हीएलडीएल मोजणे मात्र किचकट. त्यासाठी सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा झालेला द्रव) अल्ट्रासेंट्रिफ्यूज या अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,०५,००० पट बलाने १८ तास फिरवावे लागते. वर तरंगलेला व्हीएलडीएलचा थर काढून टाकायचा, खालच्या भागातले कोलेस्टेरॉल मोजायचे आणि त्यातून एचडीएल वजा करायचे. ही संदर्भ पद्धत मानली जाते, पण रोजच्या शेकडो सँपलसाठी ती परवडणारी नाही.

१९७२ मध्ये विल्यम फ्रीडेवाल्ड, रॉबर्ट लेव्ही आणि डोनाल्ड फ्रेडरिक्सन यांनी ४४८ जणांच्या रक्ताच्या मोजमापांवरून एक सोपी वाट सुचवली. व्हीएलडीएलमध्ये ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण साधारण पाचास एक असते, म्हणून ट्रायग्लिसराइडला ५ ने भागा आणि ते व्हीएलडीएल कोलेस्टेरॉल समजा. (मिलिमोल प्रति लिटरमध्ये हाच भाजक २.२ होतो.) आजही असंख्य लॅबच्या संगणकांत हेच सूत्र आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल, सीरममध्ये कायलोमायक्रॉन (जेवणातली चरबी वाहणारे मोठे कण) असतील किंवा रुग्णाला ‘तिसऱ्या प्रकारचा’ लिपिड विकार (त्याबद्दल पुढे) असेल, तर हे सूत्र लावू नये, ही मर्यादा त्या तिघांनीच घालून दिली होती. सूत्र सगळीकडे पोचले, मर्यादा वाटेत गळाली.

४०० ही रेषाही फसवी आहे, कारण चूक त्या रेषेवर अचानक सुरू होत नाही. ट्रायग्लिसराइड १५० ओलांडते तसे यकृतातून निघणारे व्हीएलडीएलचे कण मोठे आणि ट्रायग्लिसराइडने ठासलेले होत जातात. पाचास एक हे प्रमाण मग सहास एक, आठास एक असे सरकत जाते. आपण मात्र पाचानेच भागत राहतो. त्यामुळे व्हीएलडीएल वाजवीपेक्षा जास्त धरले जाते आणि तेवढे एलडीएल कमी निघते. मुळात एलडीएल १६० असेल तर दहा-पंधराच्या फरकाने उपचार बदलत नाहीत. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) चालू असलेल्या रुग्णाचे उद्दिष्ट ७० च्या खाली, किंवा फार जोखमीच्या रुग्णाचे ५५ च्या खाली असते, तेव्हा त्याच दहा-पंधरावर निर्णय फिरतो.

एक उदाहरण पुरते सोडवून पाहू. एकूण कोलेस्टेरॉल १७०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ३८०. जुन्या सूत्राने व्हीएलडीएल ३८० ÷ ५ = ७६, आणि एलडीएल १७० − ३५ − ७६ = ५९. उद्दिष्ट ७० च्या खाली, म्हणजे साध्य झाले असे कोणालाही वाटेल. आता २०२० मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतील मॉरीन सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी मांडलेले सूत्र लावू:

एलडीएल = (एकूण ÷ ०.९४८) − (एचडीएल ÷ ०.९७१) − [(ट्रायग्लिसराइड ÷ ८.५६) + (ट्रायग्लिसराइड × नॉन-एचडीएल ÷ २१४०) − (ट्रायग्लिसराइडचा वर्ग ÷ १६१००)] − ९.४४

नॉन-एचडीएल म्हणजे एकूणातून एचडीएल वजा केलेला आकडा, इथे १३५. पहिले पद १७९.३, दुसरे ३६.०. कंसात ४४.४ अधिक २४.० वजा ९.०, म्हणजे ५९.४. उत्तर ७४. तेच रक्त, तीच तीन मोजमापे, पण उद्दिष्ट अजून गाठलेले नाही. आता एकूण २००, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५० असलेला रिपोर्ट घ्या. जुने सूत्र १३० देते, नवे १३३. ट्रायग्लिसराइड माफक असताना जुन्या सूत्रावर रागावण्याचे कारण नाही, हे यातून दिसावे.

सॅम्पसन सूत्र ट्रायग्लिसराइड ८०० पर्यंत वापरता येते. त्याआधी २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सेथ मार्टिन आणि सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग दाखवला होता. त्यांनी १३ लाखांहून अधिक लिपिड प्रोफाइल तपासून १८० चौकटींचा तक्ता केला. आडव्या ओळी ट्रायग्लिसराइडच्या, उभे रकाने नॉन-एचडीएलचे, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथला भाजक त्या रुग्णासाठी वापरायचा. पाच हा एकच आकडा सर्वांना लावण्याऐवजी त्या तक्त्यात ३.१ पासून ११.९ पर्यंत भाजक आहेत. ४०० ते ७९९ या पट्ट्यासाठी याच पद्धतीचा विस्तारित तक्ता २०२१ मध्ये आला. दोन्ही पद्धतींच्या उत्तरांत थोडा फरक राहतो, आणि ४०० च्या पुढे दोन्हींची अचूकता कमी होत जाते. तरीही १५० ते ४०० या पट्ट्यात, जिथे खूप रुग्ण सापडतात, दोन्हींपैकी कोणतीही पद्धत जुन्या सूत्राहून चांगली आहे. आमच्या मते या पट्ट्यात जुने सूत्र वापरत राहण्याला आता सबब उरलेली नाही.

बऱ्याच रिपोर्टवर ‘व्हीएलडीएल’ अशी स्वतंत्र ओळ असते. ती पाहून वाटते की ही वेगळी तपासणी झाली. प्रत्यक्षात तो ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा असतो, बस्स. ट्रायग्लिसराइड ३८० असले की ही ओळ ७६ दाखवते आणि शेजारी ‘जास्त’ असा शेरा पडतो. त्याखाली एलडीएल-एचडीएल गुणोत्तर असते, ते या कमी निघालेल्या एलडीएलवरून काढलेले, म्हणून तेही दिसायला छान. एकच चूक तीन ओळींत छापली जाते आणि तिन्ही ओळी एकमेकींना दुजोरा देत असल्यासारख्या दिसतात.

ट्रायग्लिसराइड खूपच वाढले की गणित उघड कोसळते. एकूण ३००, एचडीएल ३०, ट्रायग्लिसराइड १४०० असेल तर जुने सूत्र एलडीएल उणे १० देते. काही सॉफ्टवेअर ते शून्य करून छापतात, काही जागा रिकामी सोडतात. रिकामी जागा त्यातल्या त्यात प्रामाणिक, पण तिथे ‘ट्रायग्लिसराइड जास्त असल्याने एलडीएल काढता येत नाही’ एवढे वाक्य हवे. नाहीतर लॅब विसरली असे समजून रुग्ण दुसरीकडे तीच तपासणी पुन्हा करतो.

मग एलडीएल थेट मोजावे, असा सल्ला लगेच मिळतो. ‘डायरेक्ट एलडीएल’ उपयोगी आहे, पण रामबाण नाही. या किटमध्ये पहिले रिएजंट (रसायन) इतर कणांतले कोलेस्टेरॉल बाजूला करते किंवा झाकून ठेवते, दुसरे एलडीएलचे कण उघडते आणि रंग येतो. ही निवड डिटर्जंट व पॉलिमरच्या रासायनिक स्वभावावर चालते आणि प्रत्येक कंपनीची कृती वेगळी असते. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रक्तात कणांची घडणच बदललेली असते. मग व्हीएलडीएलच्या अवशेषांतले (ट्रायग्लिसराइड बरेचसे निघून गेल्यावर उरणाऱ्या कणांतले) काही कोलेस्टेरॉल एलडीएलमध्ये मोजले जाते किंवा एलडीएलचे लहान कण सुटतात. एका किटवर ८० आणि दुसऱ्यावर ९५ आले, तर दोन्ही यंत्रे ठीक असूनही असे होऊ शकते. म्हणून पाठपुरावा करताना पद्धत बदलू नये, आणि बदलली तर दोन आकड्यांची तुलना करू नये.

त्यापेक्षा सोपा आणि जास्त भरवशाचा आकडा प्रत्येक रिपोर्टमध्ये आधीपासूनच दडलेला असतो: नॉन-एचडीएल. एकूणातून एचडीएल वजा करा, झाले. त्यात एलडीएलबरोबर व्हीएलडीएल आणि अवशेष कणांतले कोलेस्टेरॉलही येते, आणि धमन्यांत साचणारे हेच सगळे कण असतात. ट्रायग्लिसराइडचा या वजाबाकीशी संबंध नाही, उपाशी असण्याचीही फारशी गरज नाही. वरच्याच उदाहरणात ट्रायग्लिसराइड ३८० ऐवजी ३०० आले आणि बाकी दोन आकडे तसेच राहिले, असे धरू. एकाच माणसात दोन दिवसांत एवढा फरक सहज पडतो. जुने सूत्र एलडीएल ५९ वरून ७५ वर नेते, सॅम्पसन सूत्र ७४ वरून ८५ वर. नॉन-एचडीएल दोन्ही वेळा १३५. त्याचे उद्दिष्ट एलडीएलच्या उद्दिष्टापेक्षा ३० ने अधिक धरतात: एलडीएल ७० तर नॉन-एचडीएल १००, एलडीएल ५५ तर नॉन-एचडीएल ८५. आपला रुग्ण १०० च्या ऐवजी १३५ वर आहे. ‘साध्य झाले’ असे वाटलेला तोच रुग्ण.

आणखी अचूक हवे असेल तर अपोबी ही तपासणी आहे. व्हीएलडीएल असो, एलडीएल असो, प्रत्येक कणावर अपोबी प्रथिनाचा एकच रेणू असतो. त्यामुळे कणांत किती माल आहे यापेक्षा कण किती आहेत ते कळते. एलडीएलच्या ७० ला अपोबीचे ८०, आणि ५५ ला ६५ ही उद्दिष्टे जुळतात. ट्रायग्लिसराइड वाढलेले असताना नॉन-एचडीएल आणि अपोबी एकत्र पाहिल्याने एक वेगळी गोष्टही पकडता येते. तिसऱ्या प्रकारच्या विकारात अवशेष कण कोलेस्टेरॉलने भरलेले असतात, त्यामुळे पाचाने भागण्याची चूक उलट्या दिशेने होते आणि एलडीएल वाजवीपेक्षा जास्त निघते. अशा रुग्णाचे एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही ३०० च्या पुढे आणि जवळजवळ सारखे असतात, अपोबी मात्र त्या मानाने कमी. तळहाताच्या रेषांत पिवळसर झाक दिसली तर शंका पक्की धरून पुढची तपासणी करावी. हा विकार विरळा आहे, पण उपचारांना चांगली दाद देतो, म्हणून निसटू नये.

आता सँपलकडे वळू, कारण गणित सुधारूनही सँपल चुकीचे असेल तर उपयोग नाही. साध्या तपासणीसाठी उपाशी असणे आता सक्तीचे मानत नाहीत. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरी २५-३० नेच वाढते. ते ४०० च्या पुढे आले तर मात्र १० ते १२ तास फक्त पाण्यावर राहून पुन्हा रक्त द्यावे. आदल्या दिवशी मद्य नको. त्याआधीचे दोन आठवडे रोजचाच आहार असावा. तपासणीपुरता पथ्य पाळून आकडा सजवला तर डॉक्टर त्या सजवलेल्या आकड्यावर औषध ठरवतात. चालू औषधे मनाने बंद करू नयेत. ताप किंवा मोठे आजारपण असेल तर काही आठवडे थांबावे. रक्त घेताना रुग्ण पाच मिनिटे बसलेला असावा आणि दंडाची पट्टी मिनिटभरापेक्षा जास्त बांधलेली नसावी, नाहीतर पाणी शिरेबाहेर जाऊन कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते.

सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या ट्यूबकडे तंत्रज्ञाने नीट पाहिले तरी बरेच कळते. ट्रायग्लिसराइड ३००-४०० च्या पुढे गेले की सीरम गढूळ व्हायला लागते, हजाराच्या घरात ते दुधासारखे होते. ते ४ अंशांवर रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी वर सायीसारखा थर आणि खाली स्वच्छ सीरम असेल तर जादा चरबी कायलोमायक्रॉनमध्ये आहे. साय नसून सगळे सारखेच गढूळ असेल तर ती व्हीएलडीएलमध्ये आहे. साय आणि गढूळपणा दोन्ही असतील तर दोन्हींत. या चाचणीला ना किट लागते ना यंत्र. उलट ट्रायग्लिसराइड ६०० आणि सीरम मात्र पाण्यासारखे स्वच्छ, असे दिसले तर आकड्यावरच संशय घ्यावा. आपली नेहमीची पद्धत ट्रायग्लिसराइड फोडून निघालेले ग्लिसरॉल मोजते. रक्तात मुळातच मोकळे ग्लिसरॉल जास्त असेल तर तेही ट्रायग्लिसराइड म्हणून मोजले जाते. ग्लिसरॉल कायनेज या विकराची जन्मजात उणीव असलेल्या लोकांत असे होते, आणि त्यांना वर्षानुवर्षे नको ती औषधे मिळत राहतात. ग्लिसरॉल ब्लँक लावून, म्हणजे मोकळे ग्लिसरॉल वेगळे मोजून वजा करून, तपासले की खरे काय ते कळते.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे, विशेषतः हजाराच्या पुढे असेल, तेव्हा एलडीएलचा नेमका आकडा शोधत बसू नये. तेव्हा पहिली काळजी स्वादुपिंडाच्या दाहाची. दुधाळ सीरममध्ये इतर तपासण्याही बिघडतात: सोडियम खोटे कमी दिसते (थेट इलेक्ट्रोडने, म्हणजे ब्लड गॅस यंत्रावर, पुन्हा पाहावे), हिमोग्लोबिन खोटे जास्त दिसते आणि एमसीएचसी (लाल पेशींतले हिमोग्लोबिनचे प्रमाण) ३६ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर जाते, पोटात असह्य दुखत असूनही अमायलेज (स्वादुपिंडाचे विकर) नॉर्मल येऊ शकते. तिथे लायपेज हे स्वादुपिंडाचे दुसरे विकर जास्त विश्वासाचे. अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडची कमतरता, मद्य, मूत्रातून प्रथिने जाणे, इस्ट्रोजेन, स्टेरॉइड, काही मानसोपचाराची औषधे यांपैकी काय आहे ते आधी शोधावे. ट्रायग्लिसराइड खाली आले की एलडीएलचा हिशेब पुन्हा मांडावा.

इथे रुग्ण हमखास गोंधळतात. फायब्रेट (ट्रायग्लिसराइड कमी करणारे औषध) सुरू होते, ट्रायग्लिसराइड ७०० वरून २५० वर येते आणि रिपोर्टवर एलडीएल वाढलेले दिसते. काही अंशी ही वाढ खरी असते, कारण व्हीएलडीएलचे रूपांतर एलडीएलमध्ये होण्याचा तुंबलेला मार्ग मोकळा होतो. काही अंशी पूर्वीचा आकडाच चुकून कमी आलेला असतो. या वाढीला घाबरून औषध बंद करू नये. नॉन-एचडीएल किंवा अपोबी खाली आले का ते पाहावे, आणि औषध सुरू केल्यापासून किंवा डोस बदलल्यापासून ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

लॅब चालवणाऱ्यांना आमची विनंती तीन ओळींची आहे. रिपोर्टवर एलडीएलसमोर ते कोणत्या सूत्राने काढले किंवा कोणत्या पद्धतीने मोजले ते छापावे. नॉन-एचडीएल प्रत्येक रिपोर्टवर, ठळकपणे द्यावे. व्हीएलडीएलची ओळ काढून टाकावी.

सूत्र बदलणे हे सॉफ्टवेअरमधल्या एका ओळीचे काम आहे, पण ती ओळ लिहिताना चुका होतात. सर्वात नेहमीची चूक वर्गाच्या पदाच्या चिन्हाची. कंसात ते वजा आहे. कोणी अधिक केले तर वरच्या उदाहरणात ७४ ऐवजी ५६-५७ येते, आणि हा आकडा पटण्यासारखा असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरी चूक एककांची: वर दिलेले स्थिरांक मिलिग्रॅमचे आहेत, मिलिमोलचे आकडे त्यात घालू नयेत. पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी, मधल्या पायऱ्यांवर नाही. ट्रायग्लिसराइड ८०० च्या पुढे गेले की आकड्याऐवजी शेरा छापला जाईल अशी अट घालावी. मग १५० च्या खालचे, १५० ते ४०० मधले, ४०० ते ८०० मधले आणि ८०० च्या वरचे काही जुने रिपोर्ट घेऊन हाताने हिशेब करावा आणि संगणकाशी ताडून पाहावा.

बदल ज्या दिवसापासून लागू होईल त्या दिवसापासून पुढचे काही महिने रिपोर्टवर टीप द्यावी की सूत्र बदलले असून ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांचे एलडीएल पूर्वीपेक्षा दहा-पंधराने जास्त दिसू शकते. शक्य असेल तिथे मागच्या रिपोर्टचा आकडाही नव्या सूत्राने काढून शेजारी द्यावा. त्याला लागणारी तिन्ही मोजमापे लॅबच्या नोंदीत असतातच.

कळावे,
आपले,
वैद्यकीय प्रयोगशाळांत काम करणारे काही वाचक